नवा रोल गड्ड्याला न्यायच्या आधी

तुझा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं तू पेंटॅक्स के १००० मध्ये इलफर्डची एचपी५ प्लस वापरतोयस, घरीच डी-७६ या डेव्हलपरमध्ये धुतोयस. आता फोमापॅन ४०० चे तीन रोल हाती आलेत आणि संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची, त्या मानाच्या उंच काठ्यांची, मिरवणूक त्यावर काढायची आहे. तर ही फिल्म किती एएसएवर (फिल्म उजेडाला किती चपळ, त्याचा आकडा) वापरू आणि डेव्हलपरमध्ये किती मिनिटं धुऊ?

आकडा मी सांगेन, पण तो माझा आकडा असेल. माझ्या कॅमेऱ्याचं शटर, माझा थर्मामीटर, टँक उलटापालटा करायची माझ्या हाताची सवय हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. तुझा आकडा तुलाच काढावा लागेल, आणि तो एका रोलमध्ये निघतो. तीनातला एक रोल त्यासाठी दे. वाया गेला असं वाटेल, पण उरलेले दोन त्याच्याच जिवावर वाचतात. एकच पथ्य पाळ: फिल्म नवी आहे ना, मग बाकी सगळं जुनं ठेव. तोच कॅमेरा, तीच लेन्स, तोच डी-७६, तोच टँक. नव्या फिल्मबरोबर नवा डेव्हलपरही आणलास तर निगेटिव्ह बिघडल्यावर दोष कुणाचा, हे कधीच कळणार नाही.

हे मी इतकं ठासून का सांगतो, त्यालाही कारण आहे. फोमा माझ्याकडे पहिल्यांदा आली त्या वर्षी मी ती थेट गड्ड्याला नेली. डब्यावर ४०० लिहिलंय म्हणून चकती ४०० वर लावली आणि एचपी५ ला द्यायचो तेवढीच मिनिटं दिली. आमच्या पेठेतले एक वडीलधारे त्या वर्षी शेवटचा नंदीध्वज धरणार होते. गुडघे थकले होते, पुढच्या वर्षी जमणार नाही असं त्यांनीच सांगितलं होतं. पांढरी बाराबंदी, डोक्याला फेटा, दुपारचं ऊन, आणि मागे ‘हर्र बोला हर्र’चा गजर. मी सहा फ्रेम घेतल्या. धुतल्यावर बाराबंदी निगेटिव्हवर शाईसारखी काळी झालेली, एक चुणी दिसेना. आणि फेट्याच्या सावलीतल्या चेहऱ्यावर काहीच नाही, कोरी फिल्म. डोळे नाहीत, मिशा नाहीत. प्रिंट करताना कागदाचा ग्रेड, म्हणजे काँट्रास्ट, बदलून पाहिला, चेहरा हाताने झाकून उजेड कमी दिला, सगळं केलं. पण जे फिल्मवर उमटलंच नाही ते कागदावर कुठून येणार? त्यांना द्यायला माझ्याकडे फोटो नव्हता. ती पट्टी अजून पाकिटात आहे.

आता या फिल्मविषयी. फोमा ही चेकियातल्या ह्रादेत्स क्रालोवे या गावची कंपनी, १९२१ पासूनची. फोमापॅन ४०० जुन्या धाटणीची फिल्म आहे. ग्रेन, म्हणजे चित्रातला दाणा, एचपी५ पेक्षा ठसठशीत दिसतो, दिव्याभोवती उजेड थोडा पसरतो, आणि सावलीत ती डब्यावरच्या आकड्याइतकी चपळ नाही. वापरणारे बहुतेक जण तिला २०० ते ३२० च्या दरम्यान कुठेतरी ठेवतात. यात कंपनीने फसवलं असं काही नाही. आयएसओचा (एएसए म्हणजे तोच) आकडा ठरवताना फिल्म एका ठरावीक काँट्रास्टपर्यंत धुतात आणि धुतलेल्या कोऱ्या फिल्मच्या (बेस व फॉगच्या) वर ०.१ इतकी घनता, म्हणजे काळेपणा, यायला किती उजेड लागला, ते मोजतात. त्यासाठी डेव्हलपर कोणता वापरायचा ते कंपनी ठरवते, फक्त तो सांगायचा असतो. तुझा डी-७६ आणि त्यांचा डेव्हलपर वेगळा असला, तर तुझा आकडाही वेगळा येणार.

मी स्टुडिओत शिकायला लागलो तेव्हा ऑर्वो आणि उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू चालायची. नव्या खेपेचा डबा उघडला की उस्ताद पहिल्या रोलवर गिऱ्हाइकाचा फोटो काढायचेच नाहीत. मागच्या अंगणात दोरी बांधलेली असे. तिच्यावर शेजारीशेजारी तीन वस्तू पडायच्या: काळी घोंगडी, सोलापुरी चादर आणि पांढरा टर्किश टॉवेल. उजेड मोजायचं करडं ग्रे कार्ड त्यांच्याकडे नव्हतं, आणि या तिघांपुढे मला आजही त्याची फारशी गरज वाटत नाही. घोंगडीचे जाड लोकरी धागे म्हणजे सावलीतला तपशील. टॉवेलचे बारीक फासे म्हणजे उजेडातला तपशील. आणि चादरीची नक्षी म्हणजे मधल्या सगळ्या छटा. सोलापूरच्या कुठल्याही घरात शोधायला जावं न लागणाऱ्या वस्तू. आपल्या चादरीला आणि टॉवेलला, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. मी मात्र त्यांच्याकडे आधी फिल्म तपासायचं साधन म्हणूनच बघायला शिकलो.

तर दोरी बांध. सकाळी दहाच्या सुमारास, आकाश स्वच्छ असताना, तिन्ही वस्तूंवर सारखंच ऊन पडेल अशी. ढग येत-जात असतील तर त्या दिवशी करू नकोस, सगळी मोजमापं एकमेकांशी भांडतात. कॅमेरा तिवईवर लाव. तुझ्या के १००० ची एएसएची कडी उचलून ४०० वर आण. आता कॅमेरा घोंगडीजवळ ने, व्ह्यूफाइंडर पूर्ण तिनेच भरू दे, स्वतःची सावली पडू देऊ नकोस, आणि शटर १/२५० वर ठेवून मीटरची काडी मध्यावर आण. मीटरला समोर काळं आहे की पांढरं हे कळत नाही. तो जे दिसेल ते करड्या छटेत आणायला सांगतो. तुला घोंगडी काळीच हवी, पण धागे दिसतील इतकी. म्हणून मीटरने सांगितल्यापेक्षा दोन स्टॉप कमी उजेड द्यायचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). लख्ख उन्हात मीटर बहुधा एफ/११ च्या आसपास दाखवेल, मग तुझ्या लेन्सचं छिद्र एफ/२२ (आकडा मोठा तेवढं छिद्र लहान). ही झाली ४०० ची फ्रेम. त्याच शटरवर एफ/१६ म्हणजे २०० ची, एफ/११ म्हणजे १०० ची.

शटर बदलायचं नाही, फक्त छिद्र बदलायचं. जुन्या कॅमेऱ्याचं शटर प्रत्येक वेगाला वेगवेगळं चुकतं. चकतीवरचा १/५०० प्रत्यक्षात १/३५० असू शकतो आणि १/१२५ मात्र बरोबर असू शकतो. छिद्राचे आकडे त्यामानाने विश्वासाचे.

सहा-सहा फ्रेमचे संच कर. पहिली फ्रेम लेन्सवर टोपण ठेवून, म्हणजे कोरी. मग पूर्ण दोरीच्या तीन: ४००, २००, १००. पाचवीत घरातलं कुणीतरी फेटा किंवा टोपी घालून दोरीशेजारी उभं कर आणि २०० च्या एक्स्पोजरने चेहरा घे. सहावी पुन्हा टोपण लावून. असे सहा संच झाले की ३६ फ्रेम भरल्या. एकच गोष्ट सहा वेळा कशाला, असं वाटेल. कारण हा रोल आपण अंधारात, न बघता, तीन तुकड्यांत कापणार आहोत. कात्री कुठेही पडली तरी जास्तीत जास्त एक संच जाईल, दुसरा शाबूत राहील.

आणि जमलं तर एक आणखी कर. सध्या कॅमेऱ्यात असलेल्या एचपी५ च्या शेवटच्या चार-पाच फ्रेम याच दोरीवर, याच उन्हात काढून ठेव. दोन वर्षांची ओळखीची फिल्म शेजारी असली की नव्या फिल्मचा स्वभाव एका नजरेत कळतो.

रोल गुंडाळताना कान लावून गुंडाळ. शेवटी फिल्मची जीभ पुढच्या रिळातून सुटल्याचा हलका ‘टक’ येतो, हातालाही सैल लागतं. तिथेच थांब. जीभ बाहेर राहिली की डबी फोडावी लागत नाही. चेंजिंग बॅगेत, त्या हात घालायच्या अंधाऱ्या पिशवीत, जिभेपासून फिल्म ओढायची, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात आणि वर अर्धी वीत एवढी मोजायची आणि कापायची. जिभेचा भाग धरून यात साधारण बारा फ्रेम येतात. उरलेली फिल्म डबीतच सुरक्षित राहते. टोक थोडं बाहेर राहील एवढं बघ. दुसऱ्या तुकड्याला जीभ नाही, तेव्हा एक हातच पुरे. हे काम पहाटे कर. दुपारी बॅगेत हाताला घाम सुटतो, प्लॅस्टिकचं रीळ दमट होतं आणि फिल्म अर्ध्यावर अडकते.

धुण्याचं सांगतो, आणि इथे सोलापूर मध्ये येतं. सगळे तक्ते २० अंशांचे. आपल्याकडे वर्षातले किती दिवस नळाला २० अंशांचं पाणी येतं? एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याने चहा निम्मा होईल अशी अवस्था. बर्फ टाकून २० वर आणता येतं, पण दहा मिनिटं ते तिथे टिकत नाही, आणि एका रोलला २०, दुसऱ्याला २२ असं झालं की तुझी चाचणी गेली. मी म्हणून कित्येक वर्षांपासून २४ अंश हेच माझ्या घरचं प्रमाण धरलंय. २० वरून २४ वर आलं की वेळ साधारण ३० टक्क्यांनी कमी होतो. एचपी५ ला एकास एक (जेवढा डेव्हलपर तेवढंच पाणी) डी-७६ मध्ये २० अंशांना ११ मिनिटं, तर २४ ला पावणेआठच्या आसपास. जानेवारीत साधं पाणीही २४ च्या जवळपास सापडतं. उन्हाळ्यात माठातलं पाणी काढ. आपल्या कोरड्या हवेत माठ फार चांगलं काम करतो. डेव्हलपर, मधलं पाणी आणि हायपो (चित्र पक्कं करणारा फिक्सर) तिन्ही भांडी एकाच घमेल्यात, त्याच पाण्यात उभी ठेव, म्हणजे तिघांचं तापमान एक राहील. गरम डेव्हलपरमधून फिल्म एकदम गार हायपोत गेली की जिलेटिनवर ताण येतो. एक पथ्य मात्र कायम: धुण्याचा वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नकोस. तेवढ्यात डेव्हलपर सगळीकडे सारखा पोचत नाही आणि आकाशात ढगासारखे पट्टे येतात.

पहिला तुकडा कंपनीच्या तक्त्यात तुझ्या डेव्हलपरसाठी जो वेळ दिलाय तो २४ अंशांना बदलून धू. टँक हलवणं एचपी५ ला जसं करतोस तसंच. मी पहिली तीस सेकंद सलग आणि मग दर मिनिटाला चार वेळा उलटवतो. तू वेगळं करत असशील तर तेच ठेव, माझं घेऊ नकोस.

डी-७६ तयार मिळाला नाही म्हणून काम अडवू नकोस, घरी करता येतो. लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. पाऊण लिटर कोमट पाणी, साधारण ५० अंश. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल पूर्ण विरघळू दे, त्यानंतर बाकीचं सल्फाइट आणि पुढचं क्रमाने. शेवटी पाणी घालून लिटर भर. सगळं सल्फाइट आधी टाकलंस तर मेटॉल विरघळायलाच तयार होत नाही. हातमोजे घाल, मेटॉलने काहींच्या बोटांची सालं निघतात. पण पुन्हा सांगतो, आत्तापर्यंत तयार पुडी वापरत असशील तर या चाचणीला तीच वापर.

फिक्सर मी अजून हायपोचाच करतो. लिटरला २०० ग्रॅम हायपो, २० ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. हायपोचे खडे पाण्यात पडले की भांडं हाताला एकदम गार लागतं, मे महिन्यात तर बर्फ टाकल्यासारखं. त्यामुळे पाणी गरमच घ्यावं लागतं. मेटाबायसल्फाइट मात्र पाणी निवल्यावर, नाहीतर गंधक सुटून फिक्सर दुधाळ होतो. नव्या फिल्मला किती वेळ फिक्स करायचं हे कुणाला विचारायची गरज नाही. उजेड लागलेल्या जिभेचा एक इंच तुकडा काप, फिक्सरमध्ये टाक आणि घड्याळ बघ. दुधी रंग जाऊन तुकडा पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ पूर्ण रोलला. पुढे कधी हाच वेळ ताज्या फिक्सरच्या दुपटीवर गेला की तो फिक्सर ओतून द्यायचा.

तुकडा वाळला. आता खरी गंमत इथे आहे, घाई करू नकोस.

खिडकीच्या उजेडासमोर पट्टी धर आणि आधी फक्त घोंगडी बघ. निगेटिव्हवर ती जवळजवळ कोरी दिसेल. शेजारी टोपण लावलेली फ्रेम आहे, तिच्याशी ताडून बघ. ४०० च्या फ्रेममध्ये घोंगडी आणि कोरी फ्रेम यांत फरकच नसेल तर ४०० तुझ्यासाठी नाही. २०० मध्ये लोकरीचे आडवे-उभे धागे भिंगातून मोजता येतात का? येत असतील तर तुझा आकडा २००. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी वाटत असेल तर २५० धर. धागे दिसतील असा सगळ्यात मोठा एएसए, तोच तुझा. माझ्याकडे ४०० ला घोंगडीची फक्त कड दिसत होती आणि धागे २०० ला उमटले. म्हणजे त्या वर्षी मी त्या चेहऱ्याला निम्माच उजेड दिला होता.

एएसए ठरल्यावरच टॉवेलकडे बघ. आणि तो ठरवलेल्या एएसएच्या फ्रेममधलाच टॉवेल. उस्तादांची रीत अशी: निगेटिव्ह वर्तमानपत्राच्या छापील मजकुरावर ठेवायची. टॉवेलच्या सगळ्यात दाट भागातून खालची अक्षरं जेमतेम वाचता आली तर धुणं बरोबर. अक्षरं अजिबातच दिसत नसतील तर जास्त धुतली गेली, दुसरा तुकडा २० टक्के कमी वेळ धू. अगदी सहज वाचता येत असतील तर वेळ वाढव. तिसरा तुकडा खात्रीसाठी.

सावली आणि उजेड असे वेगवेगळे का तपासायचे? कारण फिल्मवर ते वेगवेगळ्या गोष्टींनी ठरतात. सावलीतून येणारा प्रकाश इतका थोडा की चांदीच्या क्षाराच्या मोजक्याच कणांवर त्याची खूण उमटते. ते कण डेव्हलपरमध्ये पहिल्या काही मिनिटांत काळे होतात आणि संपतात. पुढे कितीही वेळ ठेवलंस तरी त्या जागी फारसं काही वाढत नाही. उजेडाच्या भागात मात्र खूण लागलेल्या कणांचा ढीग असतो, तो मिनिटागणिक दाट होत जातो. त्यामुळे सावली कॅमेऱ्यात ठरते आणि उजेड टँकमध्ये. मी त्या वर्षी नेमकं उलटं केलं होतं: कॅमेऱ्यात कमी दिलं आणि टँकमध्ये जास्त. ४०० ऐवजी २०० वर फिल्म वापरायची ठरली की धुण्याचा वेळही बहुधा १५ ते २० टक्क्यांनी खाली येतो, हे दोन बदल जोडीने चालतात.

तुझ्याकडे एन्लार्जर असेल तर याहून पक्की खूण आहे. कोऱ्या फ्रेममधून कागदावर दोन-दोन सेकंदांच्या पायऱ्या घे. ज्या पायरीनंतर काळा आणखी काळा होत नाही तो वेळ लिहून ठेव, आणि बरोबर तेवढ्याच वेळात, ग्रेड २ वर, सगळ्या फ्रेमचं काँटॅक्ट (निगेटिव्ह कागदाला टेकवून प्रिंट) काढ. ज्या फ्रेममध्ये घोंगडी काळी पण जिवंत, टॉवेल पांढरा पण फासे दिसणारा आणि चेहरा चेहऱ्यासारखा, ती फ्रेम बरोबर. इथे मनाने काही सुधारायला वावच राहत नाही. डिजिटल कॅमेऱ्याने निगेटिव्ह स्कॅन करत असशील तर एक्स्पोजर हाताने लाव आणि सगळ्या फ्रेमना तेच ठेव. आपोआपवर ठेवलंस तर तो प्रत्येक फ्रेम सावरून घेतो, ४०० आणि १०० सारखीच दिसायला लागतात आणि तुला वाटतं फिल्म काहीही सहन करते. स्कॅन बघून फिल्मची परीक्षा करणाऱ्या मुलांचं हेच होतं, आणि मग प्रिंट करायची वेळ आली की रडायची पाळी येते.

दुसरा रोल यात्रेच्या आधी पंधरा दिवस शहरात फिरव. भुईकोट किल्ल्याची तटबंदी सकाळच्या तिरक्या उन्हात, काळा दगड. पूर्व भागात एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये, जिथे एका खिडकीचा उजेड आणि बाकी अंधार. आणि टिळक चौकातली दुपारची गर्दी. इथे एएसए, वेळ काही बदलायचं नाही. फक्त मिळालेला आकडा माणसांवर चालतो का ते बघायचं. पूर्व भागात गेलास तर आधी परवानगी माग, दहा मिनिटं नुसता बस, मग कॅमेरा काढ. कामगारांना धोट्याच्या आवाजात तुझं बोलणं ऐकू येणार नाही, हाताने खूण कर.

मिरवणुकीच्या दिवशी एक गोष्ट तुझा मीटर नक्की चुकवेल. समोर शेकडो पांढऱ्या बाराबंद्या. तो त्यांना करडं करू पाहणार आणि तुला दोन स्टॉपपर्यंत कमी उजेड देणार. म्हणजे चाचणीत मिळवलेलं सगळं तिथे गमावशील. त्यासाठी आपला तळहात वापर. मिरवणुकीवर जसं ऊन पडतंय तसंच तळहातावर पडू दे, त्याच्यावरून मोज आणि एक स्टॉप उघड. तुझ्या तळहाताला एक स्टॉप बरोबर बसतो का, हे दोरीच्या दिवशीच बघून ठेव: दोरीपुढे तळहात धर, २०० वर मोज, एक स्टॉप उघड, आणि ते वाचन १/२५० ला एफ/१६ शी जुळतंय का बघ. गल्ली अरुंद असेल आणि अर्धी मिरवणूक सावलीत असेल तर सावलीतल्या चेहऱ्यांचं मोजमाप आधीच घेऊन ठेव आणि त्याला प्राधान्य दे. बाराबंदी टँकमध्ये सांभाळता येते, चेहरा नाही.

रात्री तलावाकाठी थांबणार असशील, तर फोमाची आणखी एक खोड माहीत असू दे. उजेड कमी आणि वेळ जास्त झाला की सगळ्याच फिल्म आळसावतात, पण ही जास्त. कंपनीच्याच तक्त्याप्रमाणे मीटरने १ सेकंद सांगितला तर दीड द्यायचा, १० सांगितले तर ६०, आणि १०० सांगितले तर ८००. एचपी५ ला त्याच १० सेकंदांचे साधारण २० पुरतात. तेव्हा सिद्धेश्वर मंदिराची रोषणाई आणि तिचं पाण्यातलं प्रतिबिंब घ्यायला गेलास आणि सवयीने एचपी५ चा हिशेब लावलास, तर पाणी कोरं येईल. शटर ‘बी’वर (दाबून धरशील तोवर उघडं राहतं तिथे) लावून केबल रिलीजचा स्क्रू आवळ, पूर्ण मिनिट मोज, कठड्यावर कुणी टेकत नाही ना ते बघ. शोभेच्या दारूकामाला मात्र हा हिशेब लागू नाही. प्रत्येक ठिणगी फिल्मवरून क्षणात सरकते, तिथे छिद्रच काय ते महत्त्वाचं. २०० ला मी एफ/८ ते एफ/११ ठेवतो आणि दोन-तीन फुलं एका फ्रेममध्ये साठू देतो. दिव्याभोवतीचा पसरलेला उजेड तिथे उलट शोभतो.

शेवटचं, फिक्सरनंतर साध्या पाण्याने धुण्याचं. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात अर्धा तास नळ सोडून फिल्म धुणं शक्य नाही आणि गरजही नाही. फिक्सर ओतल्यावर टँक त्याच तापमानाच्या पाण्याने भर, पाच वेळा उलटव, ओत. पुन्हा भर, दहा वेळा. पुन्हा भर, वीस वेळा. इलफर्डची ही रीत आहे आणि एका रोलला लिटरभर पाणी पुरतं. मी खात्रीसाठी आणखी एक फेरी देतो. हायपोसारख्या, फिल्मचा थर कडक न करणाऱ्या फिक्सरला ही रीत चालते. पावसाळ्यात गाळ येतो, तेव्हा सगळं पाणी कापसातून गाळून घे. ओली फोमा मऊ असते, एक कण आणि पूर्ण पट्टीभर ओरखडा. म्हणून बोटांनी निथळायचीही नाही. शेवटची बुडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये, बॅटरीच्या दुकानात मिळतं ते, त्यात वेटिंग एजंटचा (पाणी थेंब न धरता निथळावं म्हणून घालतात तो) एखादाच थेंब. आपल्या पाण्यातला क्षार आकाशात पांढरे ठिपके सोडतो आणि ते नंतर पुसून जात नाहीत. मग न्हाणीघरात, आधी गरम पाणी शिंपडून धूळ बसवलेली असताना, खाली चिमटा लावून टांग आणि दार ओढून घे. चार तास कुणाला आत सोडू नकोस.

पहिला तुकडा वाळला की कापून स्लीव्हमध्ये घालू नकोस, सलग पट्टीच घेऊन ये. एचपी५ वाल्या फ्रेमही आण. दोन्ही लाइट बॉक्सवर शेजारी ठेवू आणि माझ्या पाकिटातली ती सहा फ्रेमची पट्टीही तुला दाखवेन.